वालों-पों-दार्क: आर्देश नदीकाठचे पाच दिवस (आईला सोबत घेऊन)

काठावरची | ३ जुलै

नमस्कार मंडळी,

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दक्षिण फ्रान्समधल्या वालों-पों-दार्क या छोट्या गावात पाच दिवस मुक्काम करून आलो. मी, नवरा, चौदा वर्षांचा भाचा आणि आई. आई बहात्तर वर्षांची, गुडघे दुखरे, माहेर वाईचं. "राजवाडे नकोत गं, नदी असेल तिथे ने," एवढीच तिची अट होती. जाण्याआधी मराठीत खूप शोधलं, पण जिथे तिथे पॅरिस आणि नीस. म्हणून हा धागा. ज्यांनी हा भाग पाहिलाय त्यांनी भर घाला, चुकलं असेल तिथे दुरुस्त करा.

गाव अडीच हजार वस्तीचं. आर्देश नदी जेमतेम सव्वाशे किलोमीटर लांब, पुढे ऱ्होनला मिळते. पण वालोंच्या खाली ती चुनखडीच्या पठारात जी घुसते, ती थेट सें-मार्तां-दार्देशला बाहेर पडते. मधले तीसेक किलोमीटर दोन्ही बाजूंना उभे कडे. एकही गाव नाही, दुकान नाही, की नदीवर पूल नाही. १९८० पासून हा राखीव निसर्गप्रदेश आहे.

या घळीच्या तोंडाशीच पों दार्क आहे. पों म्हणजे पूल, पण हा कुणी बांधलेला नाही. नदीनेच डोंगर आरपार पोखरून केलेली ५४ मीटर उंचीची दगडी कमान. रस्त्याच्या वळणावरून पहिल्यांदा दिसली तेव्हा आई म्हणाली, "हा तर नदीचा दिंडी दरवाजा." नंतर पाचही दिवस आमच्या घरात तेच नाव चाललं.

आम्ही पहिल्या दिवशी कमानीखालच्या वाळूवर नुसतं बसलो. पाणी नितळ, तळाचे गोटे मोजता येतील असं, आणि जूनमध्येही चांगलंच गार. आईने साडी घोट्यापर्यंत उचलून पाय सोडले आणि दीड तास जागची हलली नाही. माझ्या मते तुम्ही तिथे एकच दिवस असाल तरी हा दीड तास सोडू नका. सकाळी नऊच्या आधी पोचा. अकरानंतर होड्यांची रांग लागते आणि आरडाओरडा सुरू होतो.

दुसऱ्या दिवशी नदीत उतरलो. त्याबद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण आमची एक चूक झाली आणि ती इतरांची होऊ नये. आता रात्र झाली, उरलेलं उद्या.

सह्यभटक्या | ३ जुलै

छान सुरुवात. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. पुढच्या मे महिन्यात लियोंला बहिणीकडे जातोय, तेव्हा हे जमेल का बघतो. होडी चालवायला आधीचा अनुभव लागतो का? कोलाडला कुंडलिकेत एकदा राफ्टिंग केलंय, पण तिथे पुढे-मागे प्रशिक्षक होता.

लियोंवासी | ४ जुलै

आम्ही गेली अकरा वर्षं लियोंत आहोत, त्यातली सात-आठ वेळा आर्देशला गेलो असू. प्रवासाचं मी सांगतो.

आर्देश भागात रेल्वे जवळजवळ नाहीच. लियोंहून मोंतेलिमार गावाला रेल्वेने दीड-पावणेदोन तास लागतात. पॅरिसहून येणाऱ्यांनी गार द लियों स्थानकावरून थेट टीजीव्ही (अतिवेगवान रेल्वे) मिळते का पाहावं, तीन तासांच्या आसपास लागतात. मोंतेलिमारहून पुढे बस आहेत, पण कमी, आणि रविवारी फारच कमी. चार माणसं असाल तर तिथूनच गाडी भाड्याने घ्या. रस्ता तासाभराचा. भारतीय परवान्यावर चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना घरूनच काढून आणा, इथे आल्यावर तो मिळत नाही. मोंतेलिमारचं नुगा प्रसिद्ध आहे. मध, बदाम आणि अंड्याचा पांढरा बलक घालून केलेली वडी. अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, कारण बघताना ती चिक्कीच्या जातीची वाटते.

राहायचं कधी? जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी इतकी की नदीवर होडीला होडी घासते. माझी पसंती मेअखेर ते जून, नाहीतर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. सप्टेंबरात पाणी कोमट झालेलं असतं आणि शाळा उघडलेल्या असतात. त्यानंतर मात्र जपून. का ते पुढे कुणी विचारलं तर लिहितो.

काठावरची | ४ जुलै

धन्यवाद लियोंवासी, प्रवासाचा भाग तुम्हीच लिहिलात ते बरं झालं.

सह्यभटक्या, अनुभव लागत नाही, पण पोहता यावंच लागतं. सात वर्षांखालच्या मुलांना होडीत घेत नाहीत. आमच्या भाच्याला तरंगण्यापुरतंच येतं. होडी देणाऱ्या बाईंनी सरळ विचारलं, "पंचवीस मीटर पोहशील?" त्याने मान खाली घातली आणि बाईंनी नाही म्हटलं. त्याचा चेहरा उतरला, मलाही वाईट वाटलं. तासाभराने मी स्वतः पाण्यात होते तेव्हा त्या बाईंचे मनोमन आभार मानले.

होडीचे साधारण तीन प्रकार निवडता येतात. वालोंहून कमानीखालून शाम या ठिकाणापर्यंत सातआठ किलोमीटर, हा अर्ध्या दिवसाचा. शामहून घळीतून सें-मार्तांजवळच्या सोझपर्यंत चोवीस किलोमीटर, हा पूर्ण दिवसाचा. आणि दोन्ही मिळून बत्तीस, हा एकतर दणकट लोकांचा, नाहीतर दोन दिवसांचा. भाड्यात वल्ही, लाइफ जॅकेट, सामानाचा पाणबंद डबा आणि शेवटी गाडीने परत आणणं हे सगळं येतं. पायात बंद बूट हवेतच, चपला चालत नाहीत.

आम्ही दोघांनी सातआठ किलोमीटरवालं घेतलं. भाचा आणि आई कमानीखाली वाळूवर थांबले, आम्ही तिथून जाताना हात करणार होतो.

कमानीच्या आधी शार्लमान्य नावाचा उतार येतो. पाणी अरुंद होतं, वेग घेतं आणि मध्ये मोठे धोंडे. वरून पाहिलं तर फार काही वाटत नाही. नवरा पुढे, मी मागे. मागे बसलेल्याने दिशा धरायची असते. मी धरली नाही, घाबरून वल्हं वर उचललं. होडी आडवी झाली आणि धोंड्याला टेकली. आम्ही दोघंही धोंड्यापासून लांब, म्हणजे पाणी येत होतं त्या बाजूला कललो. दोन सेकंदांत होडी भरली आणि उलटली.

त्याच दिवशी संध्याकाळी एका प्रशिक्षकाने समजावलं ते जसंच्या तसं देते. होडी धोंड्याला आडवी लागली तर धोंड्याकडे कलायचं, त्याला मिठीच मारायची. मग पाणी होडीच्या खालून जातं. पाण्यात पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करू नका, दगडांच्या फटीत पाय अडकला की वरचं पाणी माणसाला झोपवतं. उताणं व्हायचं, पाय पुढे, उतार संपेपर्यंत तसंच जायचं. आणि भरलेली होडी व धोंडा यांच्या मध्ये कधीही यायचं नाही. भरलेल्या होडीचं वजन काही शे किलो होतं.

आम्हाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. उतार संपल्यावर शांत डोह आहे, तिथे दोन अनोळखी मुलांनी आमची होडी काठाला लावून दिली.

मग डबा उघडला. जाड प्लॅस्टिकचा निळा डबा, वर पेल्यासारखं फिरकीचं झाकण. निघताना मी ते फिरवलं होतं, पण आटे तिरके बसले होते. एका बाजूला नखभर फट. तेवढी पुरली. आत चार बोटं पाणी, त्यात दशम्या फुगून वर आलेल्या, शेंगदाण्याच्या चटणीचं लालसर तवंग, आणि तळाशी माझा फोन. आता सांगते ती पद्धत करा: झाकण आधी उलटं फिरवा, आटा "टक्" करून बसला की मग सुलटं आवळा. नंतर डबा आडवा करून छातीशी दाबा. हवा सुटल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडा. पासपोर्ट नदीवर नेऊच नका.

कमानीखालून आम्ही गेलो तेव्हा दोघंही निथळत होतो. सावली अंगावर आली, आवाज एकदम घुमला, वर पाकोळ्या फिरत होत्या. काठावरून आई हात हलवत होती. आम्ही उलटलो होतो हे तिला रात्रीपर्यंत सांगितलं नाही.

भूशास्त्राची विद्यार्थिनी | ४ जुलै

वाचताना काळजात धस्स झालं, पण फार उपयोगी लिहिलंस गं ताई.

कमानीबद्दल थोडं. नदी पूर्वी तिथून सरळ जात नव्हती, डोंगराला मोठा वळसा घालून यायची. वळशाच्या दोन टोकांमध्ये चुनखडीची पातळ भिंत उरली होती. चुनखडी पाण्यात विरघळते, आत भेगा आणि पोकळ्या होतातच. पाण्याने त्या वाटा रुंद केल्या, एक दिवस नदीला जवळचा रस्ता मिळाला आणि जुना वळसा कोरडा पडला. आजही कमानीजवळ रस्त्यावर उभं राहून मागे पाहिलं तर अर्धगोल कडा आणि खाली सपाट जमीन दिसते, तिथे द्राक्षमळे आहेत. ती सपाट जमीन म्हणजे नदीचं जुनं पात्र. आपल्याकडे निघोजला कुकडीने बेसाल्टमध्ये रांजणखळगे केलेत, ते गोट्यांनी घासून घासून. इथे घासण्याच्या जोडीला विरघळणं आहे.

त्याच अर्धगोल कड्यात शोव्हे गुहा आहे. काठावरची, तिथे गेला होतात ना?

काठावरची | ५ जुलै

गेलो तर! आईसाठी सगळ्या सहलीचा गाभा तोच होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १८ डिसेंबर १९९४ ला ज्याँ-मारी शोव्हे, एलिएत ब्र्युनेल आणि क्रिस्तियां इलेर हे तिघे या कड्यात हिंडत होते. दगडांच्या ढिगाऱ्यातून हवेची झुळूक येत होती. दगड बाजूला करून ते आत उतरले. आत ३६,००० वर्षांपूर्वीची चित्रं होती. घोडे, सिंह, गेंडे, मॅमथ, अस्वलं. हजारो वर्षांपूर्वी दरड कोसळून गुहेचं तोंड बंद झालं, म्हणून सगळं टिकलं. २०१४ मध्ये ती जागतिक वारशात गेली.

मूळ गुहा लोकांसाठी कधीच उघडली नाही. फ्रान्समधल्याच लास्को या चित्रगुहेत पाहुण्यांच्या श्वासाने आणि दिव्यांनी भिंतींवर शेवाळ चढलं, १९६३ मध्ये ती बंद करावी लागली. इथे ती चूक पुन्हा होऊ दिली नाही. त्याऐवजी काही किलोमीटरवर पठारावर प्रतिकृती बांधली, ती २०१५ पासून खुली आहे.

"खोटी गुहा काय बघायची," असं नवरा म्हणत होता, मलाही मनातून तसंच वाटत होतं. ते आत पाऊल टाकेपर्यंत. अंधार, गारवा, ओल्या मातीचा वास, खाली अस्वलांची हाडं आणि एका शिळेवर ठेवलेली अस्वलाची कवटी. कुणी ठेवली, कशासाठी, कुणाला ठाऊक. भिंतीवर घोड्यांची चार डोकी एकामागोमाग. कोळशाने काढून बोटाने छाया पसरवलीय, आणि चित्राआधी भिंत खरवडून पांढरी करून घेतलीय. एका गव्याला आठ पाय आहेत, धावताना दिसावेत म्हणून. दगडाला फुगवटा आहे तिथेच बरोबर जनावराचं अंग येतं.

एका भिंतीवर नुसते लाल ठिपके आहेत. जवळून पाहिलं तर ते तळहात आहेत, गेरूत बुडवून दाबलेले. त्यातल्या एका माणसाची करंगळी वाकडी होती, गुहेत इतर ठिकाणीही त्याच हाताचा ठसा ओळखता आला, असं वाटाड्याने सांगितलं. मी आईला भाषांतर करून सांगितलं. आईची उजवी करंगळी लहानपणी घाटाच्या पायरीवर पडून मोडली, ती वाकडीच जुळली. ती काही बोलली नाही. अंधारात तिने हात वर केला, भिंतीपासून वीतभर लांब, बोटं पसरून धरली आणि बघत राहिली. मागच्या लोकांना पुढे जायचं होतं, वाटाड्या मात्र थांबला.

व्यवहाराचं: वेळ ठरवून तिकीट आधी इंटरनेटवर काढावं लागतं. फेरी वाटाड्यासोबत, तासाभराची. इंग्रजी फेऱ्यांच्या वेळा ठराविक असतात, त्या बघूनच दिवस ठरवा. आत फोटो काढू देत नाहीत. सगळीकडे सपाट वाट आहे, चाकाची खुर्ची जाते. शाल किंवा स्वेटर न्या.

डहाळी | ५ जुलै

करंगळीचं वाचून डोळे भरून आले. आईंना माझा नमस्कार सांग.

प्रतिकृतीबद्दल माझंही मत बदललंय. अजिंठ्याला फर्दापूरच्या बाजूला १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या होत्या, तेव्हा मीही नाकं मुरडणाऱ्यांतली होते. पण खऱ्या लेण्यात घामेजलेल्या गर्दीत उभं राहिलं की पद्मपाणीची काळजी वाटतेच. मूळ जपायचं असेल तर प्रतिकृती मनापासून करायला हवी आणि मग ती मनापासून सांभाळायलाही हवी.

आता एक प्रश्न. आम्ही शाकाहारी, अंडं चालतं. तिथे खाण्याचे हाल होतात का?

काठावरची | ५ जुलै

हाल नाही झाले, पण विचारून घ्यावं लागतं. आम्ही स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं होतं, आईमुळे. गुरुवारी सकाळी गावात बाजार भरतो, तिथून भाजी, चीज, जर्दाळू आणि चेरी आणल्या.

एक पदार्थ जरूर शोधा, त्याचं नाव क्रीक. बटाटा किसून, त्यात लसूण, कोथिंबिरीसारखी पार्सली आणि अंडं घालून तव्यावर थापलेलं. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "उपासाचं थालीपीठ लसूण घालून केलंय." कडा कुरकुरीत, आतून मऊ. सोबत पिकोदों, म्हणजे शेळीच्या दुधाचं छोटं चपटं चीज. ताजं असेल तर सौम्य, मुरलेलं असेल तर जिभेला झोंबतं.

जपायचं ते कायेतपासून. हिरव्या पालेभाजीचा गोळा दिसतो, पण त्यात डुकराचं मांस असतं. बोंबीन नावाच्या बटाट्याच्या रश्शातही बहुतेक वेळा मांस घालतात.

लियोंवासी | ५ जुलै

त्यात चेस्टनट जोडा. आर्देश म्हणजे फ्रान्समधला चेस्टनटचा मुख्य प्रदेश, डोंगरातल्या लोकांचं पूर्वीचं पोटभरीचं अन्न तेच. झाडाला "भाकरीचं झाड" म्हणायचे. पीठ किंचित गोडसर, शिंगाड्याच्या पिठाच्या वळणाचं. क्रेम द मारों नावाचा गोड मुरांबा प्रीव्हा गावात क्लेमां फोजिए यांच्याकडे १८८५ पासून होतो. आमची मुलं तो पोळीला लावून खातात. भारतात न्यायला त्याच्या छोट्या ट्यूब मिळतात, बॅगेत फुटत नाहीत.

मोरघार | ६ जुलै

माझ्या टोपणनावामुळे मला राहवत नाही. आर्देशच्या घळीत बोनेली गरुड आहे, ज्याला आपण मोरघार म्हणतो! तोच पक्षी आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर घरटं करतो. फ्रान्समध्ये तो अतिशय दुर्मिळ, फक्त भूमध्य समुद्राच्या बाजूच्या पट्ट्यात उरलाय. घरट्यांच्या काळात काही कड्यांजवळ चढाईला आणि उडण्याच्या खेळांना मनाई असते. कुणी फलक पाहिला तर मानावा. माणूस कड्यावर दिसला की पक्षी अंडी सोडून उठतो, आणि उघडं पडलेलं अंडं फार वेळ टिकत नाही.

उन्हाळ्यात पांढरं गिधाडही येतं तिथे, आफ्रिकेत हिवाळा काढून. पिवळा चेहरा आणि पाचरीसारखी शेपटी पाहिली की ओळखता येतं. काठावरची, काही दिसलं का?

काठावरची | ६ जुलै

चौथ्या दिवशी आम्ही गाडीने वरच्या रस्त्याने गेलो. हा रस्ता घळीच्या कडेकडेने वालोंपासून सें-मार्तांपर्यंत जातो आणि जागोजागी गाडी लावून खाली बघायचे कठडे केलेत. सेर द तूर या कठड्यावरून नदीचा घोड्याच्या नालासारखा वळसा पूर्ण दिसतो. तिथे एक मोठा पक्षी आमच्या डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे पाण्यापासून दोनेकशे मीटर वर, पंख न हलवता गेला. पोट पांढरं, पंख गडद. मोरघार होती की नाही हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. भाचा मात्र पुढची पंधरा मिनिटं आकाशाकडेच बघत होता. होडीचं दुःख तिथे विरलं त्याचं.

नदीकाठी एका विलोच्या बुंध्याला पेन्सिलीला टोक काढावं तसं कुरतडलेलं होतं. ते बीव्हरचं काम. प्राणी दिसला नाही.

डहाळी | ६ जुलै

गुडघेदुखीवाल्यांसाठी आणखी काय? सासूबाईंना नेणार आहे.

काठावरची | ६ जुलै

डहाळी, आईला जमलं ते: कमानीचा काठ, शोव्हेची प्रतिकृती, वरच्या रस्त्यावरचे कठडे (गाडीतून उतरून वीस-पंचवीस पावलं), गुरुवारचा बाजार, आणि व्होग्यूए गाव. तिथे कड्याला टेकून घरं आहेत, वर जुना वाडा आणि समोर नदी. वाड्यापर्यंत चढ आहे, आम्ही खाली काठावरच बसलो. बालाझ्युक त्याहून सुंदर, पण गल्ल्या उभ्या चढाच्या आणि गोट्यांच्या. आई अर्ध्या वाटेवरून परतली.

ओर्न्याकची गुहा आईला जमली नाही. तिथे उतरायला शेकडो पायऱ्या आहेत, वर यायला लिफ्ट असली तरी. आम्ही तिघं जाऊन आलो. १९३५ मध्ये रोबेर द जोली दोरीने तिच्यात उतरला, आणि त्याचं हृदय त्याच्या इच्छेप्रमाणे कलशात घालून गुहेतच ठेवलंय. लवणस्तंभ एकावर एक रचलेल्या ताटांसारखे आहेत. छत इतकं उंच की थेंब लांबून पडून फुटतो, त्याचा सडा होतो आणि त्यातून ताटं तयार होतात. आत बारा महिने अकरा अंश. तेवढा वेळ आई बाहेर झाडाखाली शेजारच्या फ्रेंच आजींसोबत बसली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आम्ही आलो तेव्हा त्या आजींच्या विणकामाचे टाके आई मोजत होती.

सायकलवाल्यांसाठी जुन्या रेल्वेमार्गावर केलेली व्हिया आर्देश नावाची वाट आहे. रेल्वेचीच असल्यामुळे चढ फारसा नाही, मोटारी नाहीत. भाच्याने आणि नवऱ्याने रुऑम्सपासून व्होग्यूएपर्यंत केली, मध्ये बोगदा लागतो.

सह्यभटक्या | ७ जुलै

मला दोन दिवसांची होडी करायची आहे, घळीत रात्री मुक्काम करून. आणि लियोंवासी, सप्टेंबरनंतर जपून का म्हणालात?

लियोंवासी | ७ जुलै

मुक्काम फक्त दोनच ठिकाणी करता येतो, गो आणि गुर्निए. दोन्हीकडे आधी नोंदणी हवी. बाकी कुठेही तंबू टाकला तर दंड होतो. तिथे दुकान नाही, खाणं सोबत न्यायचं आणि कचरा परत आणायचा. हीच वाट चालतही करता येते, काठाकाठाने. पण काही ठिकाणी नदी पायी ओलांडावी लागते, त्यामुळे पाण्याची पातळी विचारल्याशिवाय निघू नका.

आता पावसाचं. तुम्ही सह्याद्रीत फिरता म्हणून तुम्हाला लगेच कळेल. शरद ऋतूत भूमध्य समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो. तिथली ओली गरम हवा वर येते आणि सेव्हेन डोंगराला धडकते, जसे अरबी समुद्रावरचे ढग घाटमाथ्याला अडतात. मग एका दिवसात एवढा पाऊस पडतो की आर्देश तासा-दोन तासांत कित्येक मीटर चढते. वालोंमध्ये ऊन असू शकतं, पाऊस वर पडलेला असतो. लबोम गावाचा बुटका पूल पाहा, त्याला कठडेच नाहीत, कारण पूर येईल तेव्हा पाणी वरून जाणार हे धरूनच तो बांधलाय. होडीवाल्यांनी सकाळी "आज नाही" म्हटलं तर हुज्जत घालू नका. घळीत शिरल्यावर बाहेर पडायला वाटा फार थोड्या आहेत.

मे महिन्यात वरच्या पावसाने पाणी जोरात असू शकतं. कुंडलिकेचा अनुभव असला तरी पहिला दिवस छोटा उतार करा, दुसऱ्या दिवशी घळीत जा.

सह्यभटक्या | ७ जुलै

पटलं. घाटमाथ्यावर ढगफुटी आणि खाली कोरडं पात्र, हे वाळणकोंडीला डोळ्यांनी बघितलंय. मग तारखा पुढे ढकलतो, बहिणीला जूनचं विचारतो. गुर्निएला एक रात्र.

काठावरची, तुम्ही पुन्हा गेलात तर चोवीस किलोमीटर कराल?

काठावरची | ८ जुलै

करणार. भाच्याने परत आल्यावर तलावावर नाव घातलंय, परवा पहिल्यांदा न थांबता एक फेरी मारली. पंचवीस मीटरचाच तलाव आहे. त्याने मोजून घेतला.

आईला काल विचारलं, पुढच्या वर्षी येशील का. ती म्हणाली, "दिंडी दरवाजापाशी बसायला येईन. पण डबा मी भरणार आणि झाकणही मीच लावणार." म्हणजे नवऱ्याने तिला सगळं सांगितलेलं दिसतंय.